सयाजी इंजिनियरचा भोंगा

सयाजी इंजिनियरचा या जगात फक्त बेअरिंगवर विश्वास होता. बेअरिंग खोटं बोलत नाही, असं तो म्हणायचा. बिघडायला लागलं की आधी त्याचा आवाज बदलतो, मग ते तापतं, मग जातं. माणसासारखं हसत हसत घात करत नाही. बाकी या पृथ्वीवर जे काही होतं, म्हणजे पुढारी, पेपरवाले, टीव्ही, मोबाईल, हवामान खातं, नवीन इंजिनियर पोरं आणि बायकांच्या सिरियली, त्या सगळ्यांसाठी त्यानं एकच शब्द राखून ठेवला होता. बोगस.

आता गावाला उठता-बसता नावं ठेवणाऱ्या माणसाचं गावानं ऐकून का घ्यावं? तर त्याचं एक कारण त्याचा कान. सांगलीच्या कॉलेजातनं मेकॅनिकल होऊन सयाजी थोरात तिकडंच एका साखर कारखान्यात लागला, आणि मिलच्या गोंगाटात त्याचे केस पिकले. त्याच्या खिशात कायम एक लांब स्क्रू ड्रायव्हर असायचा. त्याचं टोक चालत्या मशिनीच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. घटकाभर ऐकून तो सांगायचा, हे बेअरिंग सीझन काढत नाही. आणि ते खरंच काढायचं नाही.

दुसरं कारण त्याची मिशी. पांढरी झाली तरी झुबका तसाच, वरचा ओठ सगळा झाकून खालच्या ओठावर उतरलेला. बोलताना तोंड हलतंय का नाही तेही समजायचं नाही, शब्द मिशीतनं गाळून बाहेर यायचे. अशा मिशीवाल्याला मध्येच तोडून बोलायची आमच्याकडं रीत नाही.

रिटायर होऊन तो आपल्या गावी, खडकोळीला आला. उंब्रजला हायवे सोडून आत वळलं की उसाच्या मधनं रस्ता जातो, त्याच्या शेवटाला हे गाव. पोरगा जयराज पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. घरी सयाजी आणि मनुबाई, नवरा-बायको दोघंच. सकाळी न्याहारी झाली की सयाजी देवळापुढच्या पारावर येऊन बसायचा आणि जगाची बिनपाण्यानं करायला सुरुवात करायचा. ऐकायला त्याचा बालमित्र हिंदुराव, मिलिटरीतनं सुभेदार होऊन आलेला, आणि आणखी चार रिकामटेकडे.

शेताच्या विहिरीवरची मोटर मोबाईलवरनं चालू करणारे गडी त्याला फार खुपायचे. इकडं पाट फुटून पाणी शेजाऱ्याच्या उसात चाललंय आणि हा बहाद्दर कराडात वडा खातोय. डोक्यावर ढग काळेभोर झालेत आणि शेतकरी मान खाली घालून मोबाईलात बघतोय, पाऊस हाय का. मान वर करायला काय पैसे पडतात? टीव्हीवरच्या बातम्यांचं तर नावच काढायला नको. चौकटीत सहा माणसं, आणि सहाही एकदम बोलणार. कारखान्यात सहा मोटरी एकदम असा आवाज करायला लागल्या असत्या तर आम्ही मेन स्विच पाडला असता, म्हणायचा. जयराजनं त्याला झोप मोजणारं घड्याळ धाडलं होतं, ते त्यानं गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं. रात्री झोप लागली का नाही हे सकाळी घड्याळानं सांगायचं, तर मग झोपलं कोण होतं?

आता मशीन कविता करतं, असं कुणीतरी पेपरात वाचून सांगितलं त्या दिवशी तर सयाजीला उधाण आलं. माणसाला वाचायचा कंटाळा आधीच आला हुता, म्हणाला, आता लिहायचाबी आला. म्हंजे मशिनीनं लिहायचं, मशिनीनंच वाचायचं, आणि आपण शेणाच्या पाट्या टाकायच्या. हिंदुराव म्हणाला, शेणाच्या पाट्या तर आपण आधीपासनंच टाकतोय. पण सयाजीला मध्ये बोललेलं चालत नसे. कुणी काही सांगायला गेलं, बातमी असो, भाषण असो, नाहीतर शेजारणीच्या सुनेची तक्रार, त्याचं ठरलेलं वाक्य यायचं, "ऐकण्यासारखं हाय काय त्यात?"

घरी गेला की हेच सगळं तो मनुबाईला ऐकवायचा. मनुबाई कमी बोलायची. चुलीपाशी अशा ठिकाणी बसायची की तिथनं दार दिसावं, आणि सयाजी बोलत असला की त्याच्याकडं बघत मान हलवायची. पुण्याहून जयराजचा फोन आला तरी ती फोन नवऱ्याच्या हातात द्यायची, तुम्हीच बोला म्हणायची. गावातल्या बाप्यांना सयाजीचा हेवा वाटायचा. अशी बायको मिळायला पुण्याई लागते, हिंदुराव म्हणायचा, कारण त्याच्या घरी वेगळंच होतं.

मनुबाईला नाद एकच, संध्याकाळची सिरियल. पहिल्या पहिल्यांदा सयाजी त्यावरनं रोज डोकं फिरवून घ्यायचा. सासू-सून जिन्यावर उभ्या राहून एकमेकींकडं बघतात आणि मागं ढोल वाजतात, दोन-दोन महिने जिना उतरत नाहीत. एके दिवशी त्यानं रिमोट उचलला आणि आवाजच बंद करून टाकला. म्हणाला, "चित्रं बघ. ऐकण्यासारखं हाय काय त्यात?" मनुबाईनं त्याच्याकडं बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि परत पडद्याकडं वळली. तेव्हापासनं त्या घरातला टीव्ही मुका झाला. बाई तशीच बघत बसायची, एका शब्दानं तक्रार नाही. सयाजीनं हे पारावर जाऊन सांगितलं. आवाज नसला तरी तिला सगळं समजतं, म्हंजे बघा त्यात किती माल हाय. ही त्याच्या थिअरीची साबिती होती आणि ती त्यानं गावभर मिरवली.

तर अशा या माणसाकडं एके दिवशी सरपंच क्रांती आली. क्रांती शिकलेली, चुणचुणीत, गावातच सासर-माहेर असलेली पोरगी. सांगली जिल्ह्यात कुठल्याशा गावात संध्याकाळी भोंगा वाजवतात आणि तेवढा वेळ सगळं गाव टीव्ही-मोबाईल बंद ठेवतं, पोरं अभ्यास करतात, माणसं एकमेकांशी बोलतात, असं तिनं ऐकलं होतं. तसं आपल्या गावात करायचं होतं. सयाजी खदखदून हसला. भोंग्यानं माणूस शहाणा होत असता तर कारखान्याचे सगळे कामगार ऋषी होऊन हिमालयात गेले असते, म्हणाला.

क्रांती म्हणाली, बरं, मग दुकानातनं प्लास्टिकचा सायरन आणते. झालं. तिथं इंजिनियर पेटला. त्या डबड्याला भोंगा म्हणायचं? आठवडा गेला नसेल तेवढ्यात तो कारखान्याच्या भंगारातनं एक जुना मोटरवर चालणारा भोंगा टेम्पोत घालून घेऊन आला. तो खोलला, घासला, नवी बेअरिंगं घातली आणि गावच्या पाण्याच्या टाकीवर नेऊन बसवला. टाकी त्याच्या घराला लागूनच. खाली खोलीत स्विच आणि टायमर, खोलीला कुलूप, किल्ली सयाजीच्या खिशात.

चाचणीच्या दिवशी त्यानं हिंदुरावला स्विचपाशी बसवलं आणि स्वतः गाव पालथं घातलं. वरची आळी, बौद्धवस्ती, ओढ्यापलीकडचा धनगरवाडा, पार मळ्यातल्या शेवटच्या घरापर्यंत गेला आणि प्रत्येकाला विचारलं, ऐकू आला का? मळ्यातल्या बहिऱ्या नानालासुद्धा दातात झिणझिण्या आल्या. फक्त स्वतःच्या घरी त्यानं विचारलं नाही. टाकीच्या बुडाला घर, तिथं काय विचारायचं?

मग ग्रामसभा झाली. सात वाजता भोंगा, दीड तास सगळं बंद, हे ठरलं. पण मोडणाऱ्याचं काय करायचं? क्रांती म्हणाली, समजावून सांगू. सयाजी उभा राहिला. समजावून कुणाला काय समजतंय? माणूस भितो ते लाजेला. ज्याच्या घरात टीव्ही चालू सापडेल त्याचं नाव देवळाच्या स्पीकरवरनं पुकारायचं. सभेत कुजबुज झाली, आणि मागनं कुणीतरी खवचटपणानं विचारलं, इंजिनियरच्या घरात सापडला तर? सयाजीनं मिशीला पीळ भरला आणि म्हणाला, तर ही उतरवीन. टाळ्या पडल्या. बायकांच्या घोळक्यात मनुबाई बसली होती. बाकीच्यांनी हात वर केले तसा तिनंही केला.

खरं म्हणजे सयाजीनं आपली सोय बघूनच पैज लावली होती. भोंगा वाजवायला घराबाहेर पडताना तो रोज स्वतःच्या हातानं टीव्ही बंद करून जायचा. बायकांचा काय भरवसा. त्यामुळं त्याच्या घरावर बोट ठेवायची कुणाची छाती नव्हती, आणि तो मात्र ज्यांची नावं पुकारली त्यांची पारावर सालटी काढायचा. हिंदुराव एकदा गोठ्यात बसून मोबाईलवर कुस्त्या बघताना सापडला. सयाजीनं त्याला इतकं पिडलं, की देशासाठी उभा राहिलेला तो माणूस देवळाकडची वाट सोडून मागनं जाऊ लागला.

गावाचं नाव झालं. मग चॅनेलवाले आले.

आले ते भर दुपारी. संध्याकाळपर्यंत थांबायला त्यांना वेळ नव्हता. बूम माईक घेतलेला एक पोरगा आणि कॅमेरावाला. म्हणाले, संध्याकाळ आपण करून घेऊ. शाळेच्या खिडक्यांना पोती लावून अंधार केला आणि पोरांना पुस्तकं धरून बसवलं. ज्यांच्या घरचे टीव्ही दुपारी बंदच असतात त्यांना ते चालू करायला लावले, कारण चालू केल्याशिवाय बंद करताना दाखवणार कसे? हिंदुरावच्या बायकोला सिरियल सोडून उठताना उसासा टाकायला सांगितला. तिचा उसासा काही पोराच्या मनासारखा पडेना, तेव्हा त्यानं तिला तो चार वेळा टाकायला लावला. एकमेकांशी बोलणारी माणसं पाहिजेत म्हणून भावकीच्या वादात वर्षानुवर्षं तोंड न बघणारे दोन चुलतभाऊ एका ओट्यावर बसवले. कॅमेरा बंद झाल्याबरोबर ते दोन दिशांना गेले.

सयाजी हे सगळं बघत होता आणि त्याच्या तोंडावर तुच्छता नुसती निथळत होती. पोरगा त्याच्यापाशी आला आणि म्हणाला, "आजोबा, भोंगा वाजला की मनात काय भावना येतात?" सयाजी म्हणाला, भावना कसल्या, मोटर तीन एचपीची हाय. पोराला हे नको होतं. काहीतरी दमदार बाईट द्या, म्हणाला. तेव्हा सयाजीनं मिशीची पैज सांगितली. पोरगा हरखला. आजोबा, परत एकदा, मिशीवर हात ठेवून. आणि ज्या माणसानं जन्मभर या लोकांना बोगस म्हटलं, त्यानं मान ताठ करून, मिशीवर हात ठेवून तेच वाक्य परत म्हटलं. नंतर उजेड बरोबर नव्हता म्हणून आणखी एकदा म्हटलं. गावातला एकही बाप्या हसला नाही, पण सगळ्यांनी लक्षात ठेवलं.

बातमी दुसऱ्या दिवशी दाखवणार होते. आणि कधी, तर संध्याकाळी सातच्या बातम्यांत. म्हणजे बरोबर भोंग्याच्या वेळेला.

आता आपलं गाव टीव्हीत येणार आणि आपण टीव्ही बंद करून बसायचं? क्रांतीनं सकाळीच ठरवलं, आज एक दिवस भोंगा नाही. दुपारी ती आळी-आळीनं सांगत फिरली. सयाजीच्या घरी तो नव्हता, मनुबाई दारात ज्वारी पाखडत होती. क्रांती तिच्या पुढ्यात बसली, हात धरून म्हणाली, "काकी, आज भोंगा न्हाई. सातला टीव्ही लावा. तात्या दिसणार हायत." मनुबाई लाजून हसली.

सयाजीला हे पंचायतीत समजलं आणि त्याचं टाळकं सरकलं. त्याचं म्हणणं एकच. नियम केला तो नियम. बेअरिंग कधी म्हणतं का, की आज घरात पाव्हणं आल्यात, आज फिरत न्हाई? टीव्हीपासनं सुटायला भोंगा लावला आणि आता टीव्हीत दिसायला भोंगा बंद करायचा, म्हणजे गाढवानं कुंभाराच्या पाठीवर बसायचं. क्रांती म्हणाली, तात्या, एक दिवसाचा प्रश्न आहे, लोकांची हौस आहे. सयाजी उठून गेला. ऐकलं असावं, असं तिला वाटलं. सयाजी थोरातानं कधी कुणाचं ऐकलं होतं?

सात वाजायला आले तसा तो सवयीप्रमाणं घरातला टीव्ही बंद करून बाहेर पडला, टाकीखालच्या खोलीत गेला आणि स्विच दाबला. नुसता दाबला नाही, तर टायमर काढून टाकला. गावातला शेवटचा टीव्ही बंद होईस्तोवर वाजू दे म्हणाला. मग खोलीला कुलूप घातलं आणि शिडीनं टाकीवर चढला, वरनं गाव बघायला.

घराघरात माणसं जागा धरून बसली होती. पोरांना पुढं घेतलेलं, म्हाताऱ्यांना चष्मे लावलेले. आणि भोंगा सुरू झाला. रोजचा थोड्या वेळात थांबायचा, हा थांबेना. खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या, टीव्हीतला एक शब्द समजेना. वर नाव पुकारलं जायची भीती. एकेका घरातनं शिव्या निघाल्या आणि एकेक टीव्ही बंद होत गेला. सयाजीला वरनं खिडक्या अंधारताना दिसत होत्या आणि त्याचा ऊर भरून येत होता. सगळ्या जगानं त्याचं ऐकलं होतं.

टीव्ही बंद करून माणसं घरात थांबली नाहीत. इंजिनियरला जाब विचारायचा म्हणून सगळी टाकीकडं निघाली. हिंदुराव पुढं, क्रांती मागं, बाया-बापे सगळे. टाकीपाशी आले आणि थबकले. सयाजीच्या घराच्या खिडकीत निळा उजेड हलत होता.

सयाजी शिडी उतरून खाली आला तेव्हा त्याच्या खिडकीला ही गर्दी. कानावर हात ठेवून माणसं आत बघत होती, एकमेकांना कोपरानं ढोसत होती. त्यांच्या खांद्यावरनं त्यानं आत बघितलं. मनुबाई पाटावर बसली होती, पाठ खिडकीकडं. समोर मुका टीव्ही, आणि टीव्हीत तो स्वतः, मिशीवर हात ठेवून उभा. खाली मोठ्या अक्षरात पट्टी, घरात टीव्ही चालू सापडला तर मिशी उतरवीन. हिंदुरावनं ती पट्टी वाचली, सयाजीकडं बघितलं, आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान. आता वस्तरा आणू काय गड्या?"

सयाजीच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्या गावादेखत बायकोनं नाक कापलं. तो दार ढकलून आत घुसला आणि तिच्या पाठीमागं उभा राहून ओरडला. मनुबाई हलली नाही. तो आणखी मोठ्यानं ओरडला. ती पडद्याकडं बघून हसत होती. ही मुद्दाम करतेय, असं त्याला वाटलं. इतक्या वर्षांचं साठवून आज चारचौघांत काढतेय. तेवढ्यात क्रांती त्याच्या बाजूनं पुढं झाली आणि तिनं मनुबाईच्या खांद्याला हळूच हात लावला.

मनुबाई दचकली. क्रांतीला बघितलं, दारातली माणसं बघितली, मग नवऱ्याचा लालबुंद चेहरा. गडबडीनं पदर सारखा करत उठली आणि काहीतरी म्हणाली. वर भोंगा बोंबलत होता, फडताळातली भांडी वाजत होती, तिचा शब्द कुणालाच ऐकू आला नाही. पण तिचे ओठ सगळ्यांना दिसले आणि सयाजीलाही दिसले. ती विचारत होती, "आज भोंगा न्हाई न्हवं?"

माणसांची तोंडं एकेक करून उतरली. मग सयाजी वळला, गर्दीतनं वाट काढत टाकीकडं गेला. कुलपात किल्ली घालायला त्याला जमेना, ती हिंदुरावनं घातली. भोंगा कण्हत कण्हत खाली आला आणि थांबला. गाव एवढं शांत झालं की ओढ्याकडचे बेडूक ऐकू यायला लागले.

कुणी हसलं नाही. क्रांती म्हणाली, तात्या, नाव पुकारायचं कारण नाही, मीच काकींना सांगितलं होतं. माणसं खालमानेनं पांगली. सगळ्यात शेवटी हिंदुराव उरला. ज्याला सयाजीनं गोठ्यातल्या कुस्त्यांवरनं पार रडकुंडीला आणलं होतं, तोच. त्यानं सयाजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मिशीचं आमी कुणी काय ऐकल्यालं न्हाई, बरं का." आणि गेला.

सयाजी घरात आला. मनुबाईनं टीव्ही बंद केला होता आणि ती अपराध्यासारखी उभी होती. तो तिच्यासमोर बसला. कवापासनं, असं त्यानं विचारलं. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. त्यानं परत विचारलं, मोठ्यानं.

"वरडू नका," ती म्हणाली. "वरडून काय हुत न्हाई. मिशीत शब्द दिसत न्हाईत. आदी बारीक हुती तवा दिसायचं."

मग सयाजी इंजिनियरनं दोन बोटांनी मिशी वर उचलली आणि तशी धरूनच विचारलं, "कवापासनं?"

मनुबाईला हसू आलं, आणि त्याच हसण्यात तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कारखाना सोडायच्या आधीपासनं, म्हणाली. हळूहळू ऐकू येणं गेलं. आधी पाखरांचं गेलं, मग कुकरच्या शिट्टीचं, मग माणसांचं. शेजारी-पाजारी समोर बसून बोलतात तर समजतं. फोनवर पोराचं समजत नाही. सयाजीला एकेक दिसायला लागलं. कुकरपाशी ती झाकणाकडं डोळे लावून उभी राहायची. दाराकडं तोंड करून बसायची. इतकी वर्षं मान हलवायची, आणि तो समजायचा आपलं पटतंय. लोखंडाच्या पोटातलं दुखणं स्क्रू ड्रायव्हर लावून ओळखणारा हा माणूस, आणि बायकोच्या ताटाशेजारी ताट मांडून जेवताना त्याला हे कधी कळलं नव्हतं. त्याला स्वतःची किळस आली.

त्यानं मिशी परत उचलली. "सांगितलं का न्हाईस?"

"सांगनारच हुते. तुमी टीव्हीचा आवाज बंद केला न्हवं का, त्याच दिवशी. तवा जरा जरा यायचं कानावर. तोंड उघडलं, तर तुमी म्हनला, ऐकण्यासारखं हाय काय त्यात." मनुबाईनं पदरानं डोळे पुसले. "म्हनलं, आता ह्यास्नी काय सांगायचं?"

जगाला उठता-बसता बोगस म्हणणाऱ्या सयाजीनं तो शब्द पहिल्यांदाच मनात स्वतःला लावला. पोटभर रडावं असं त्याला वाटलं, पण त्याची त्याला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सयाजी इंजिनियर पारावर आला तेव्हा मिशी नव्हती. वरचा ओठ पांढराफटक, कोवळा, उन्हाची ओळख नसलेला. मग एकेकाला कंठ फुटला. याला म्हणतात शब्दाचा पक्का, कुणी मागितली नसताना दिली. क्रांती येऊन पाया पडली. चॅनेलवाल्या पोराचा फोन आला, त्याला आता मिशीशिवायचा बाईट पाहिजे होता. सयाजीनं फोन ठेवून दिला. तरी गावातल्याच कुणीतरी त्याचा चोरून व्हिडिओ काढला, मागं ढोल-ताशा लावला, आणि तो दुपारपर्यंत कराडापर्यंत फिरला. शब्दासाठी मिशी देणारा साताऱ्याचा वाघ. हिंदुरावनं तो त्याला दाखवला.

"बोगस," सयाजी म्हणाला, आणि उठून घरी निघाला. जाताना क्रांतीला म्हणाला की कराडला कानाच्या डॉक्टरकडं नंबर लावलाय, उद्या गाडी पाहिजे.

घरी मनुबाई चुलीपाशी होती, दार दिसेल अशी. त्यानं चपला काढल्या, फिरून तिच्या समोर गेला आणि उजेडाकडं तोंड करून बसला. ती त्याच्या उघड्या ओठांकडं बघायला लागली. मिशीविना तो ओठ तिनं लग्नात बघितला असेल तेवढाच, त्यानंतर आता. जगावर बोलायला त्याच्याकडं ढीगभर होतं, तिच्याशी बोलायला काहीच साठवलेलं नव्हतं. शेवटी, आवाज न चढवता, सावकाश तो म्हणाला, "चा टाकतीस का?"

"दिसलं," मनुबाई म्हणाली, आणि तिनं आधण ठेवलं.